डावा कोपरा

दरवर्षी जूनमध्ये साधना मॅडमचा संघ फुटायचा. बार्शीटाकळीच्या कॉलेजात मुलींची कबड्डी त्यांनीच सुरू केली होती आणि वीसेक वर्षं त्यांनीच ओढत आणली होती. पण अलीकडे त्यांना एक गोष्ट कळून चुकली होती, की आपण पोरी घडवतो त्या दुसऱ्यासाठी. जिचा खेळ जमला तिला अमरावतीहून फोन आलाच म्हणून समजा. बायपासवरचं ते मोठं कॉलेज. तिथे मॅटचं मैदान, होस्टेल, खानावळ आणि वर दर महिन्याला मानधन. पूर्वी चांगल्या खेळाडूला फी माफ आणि एक ट्रॅकसूट दिला की भागायचं. आता गावोगावच्या खुल्या सामन्यांना मोठमोठी बक्षिसं लागतात, पोरं मोबाईलवर सामने बघतात, आणि संस्थांना प्रवेशाच्या फलकावर फोटो लावायला जिंकणाऱ्या पोरी हव्या असतात. बार्शीटाकळीच्या कॉलेजकडे द्यायला काय होतं? मातीचं एक मैदान, आणि सराव संपल्यावर मूठभर फुटाणे नि गूळ. तेसुद्धा मॅडमच्या पदरचे.

सुरुवातीला मॅडम चिडायच्या. विद्यापीठाच्या बैठकीत उभ्या राहून बोलायच्या, की अशानं लहान कॉलेजांनी करायचं काय? सगळे माना डोलवायचे, चहा प्यायचे आणि उठायचे. त्या माना डोलवणाऱ्यांपैकी निम्म्यांना स्वतःच्या पोरी तिकडे धाडून मोकळं व्हायचं असायचं. मग मॅडमनी बोलणं सोडलं. राग यायचा, नाही असं नाही, पण अकोल्याच्या घरून बसनं येऊन मैदानावर पोचेपर्यंत तो विरून जायचा. तिथे नव्या पोरी उभ्या असायच्या, ओढण्या कमरेला खोचून, आणि त्यांना मध्यरेषा कुठली नि बोनस रेषा कुठली इथपासून सांगायचं असायचं.

गेल्या जूनमध्ये रागिणी गेली. बेबीताईची मुलगी. बेबीताईची घरची वाडी. वांगी, मेथी, पालक लावायची आणि बाजारात बसून विकायची. रागिणी पहाटे भाजी तोडून, जुड्या बांधून, मग सायकल हाणत सरावाला यायची. चढाईला तिच्यासारखी पोरगी मॅडमनी पाहिली नव्हती. समोरच्या अंगणात गेली की नुसती भिरभिरायची, आणि मागे वळता वळता तिचा पाय असा यायचा की लागलेलीला लागल्यावरच कळायचं. मॅडमनी दाखल्यावर सही केली तेव्हा त्यांचा जीव तुटला. पण अडवायचं कशाच्या जोरावर? मोठ्या कॉलेजकडून खेळली तर ती विद्यापीठाच्या संघात जाईल, प्रमाणपत्र मिळेल, पुढे पोलीस भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेवर उभी राहता येईल. बार्शीटाकळीकडून खेळून आजवर एकही पोरगी तिथवर पोचली नव्हती.

तर हा असा संघ घेऊन मॅडम नोव्हेंबरात अकोल्याला आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना गेल्या. पहिल्या दोन फेऱ्या कशाबशा निघाल्या आणि उपान्त्य फेरीत समोर आलं अमरावतीचं तेच कॉलेज. सामना जेवणानंतर होता.

जेवणाची गंमत अशी, की बार्शीटाकळीच्या पोरींची अंगतपंगत कधी चुकायची नाही. लिंबाखाली ओढण्या अंथरायच्या, सगळ्यांचे डबे मधे उघडायचे, आणि कोणाचं काय हे विचारायचं नाही. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा, कोणाच्या घरचं पिठलं. पलीकडे अमरावतीच्या मुलींना कंपनीचं नाव छापलेली पाकिटं वाटली होती. त्यात पनीर होतं, गुलाबजामही होता. रागिणी ते पाकीट हातात घेऊन एकटीच उभी होती. नव्या संघात जाऊन चार-पाच महिने झाले तरी तिला तिथे जोडीला कोणी दिसत नव्हतं. तिची नजर लिंबाखाली होती.

आता आपल्याकडे पानावर बसलेल्या माणसाला उभं माणूस दिसलं की बोलवावं लागतं. न बोलावता घास गिळता येत नाही. मॅडमच्या तोंडून ते निघूनच गेलं.

"अवो, तिथं काय उभी राहून राहिली? ये, बस."

रागिणी धावतच आली. पाकीट मधे ठेवलं, प्रणालीला कोपरानं सरकवलं आणि तिच्या डब्यातली वांग्याची फोड उचलली. प्रणाली म्हणजे बार्शीटाकळीची डाव्या कोपऱ्यावरची खेळाडू, पकडीत पटाईत, बोलण्यात कंजूष. दोघी गेलं अख्खं वर्ष रोज एकमेकींसमोर सराव केलेल्या. पोरी खूप हसल्या. पनीर कसं लागतं यावर चर्चा झाली आणि गुलाबजामाचे सात तुकडे करण्यात आले. हे सगळं अमरावतीच्या कोणीतरी मोबाईलवर टिपलं, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग सामना झाला. रागिणी पहिल्या चढाईला आली आणि प्रणालीनं तिचा घोटा धरला. असा धरला की रागिणीला हिसकासुद्धा देता आला नाही, ती बसलीच. दुसऱ्यांदा आली, पुन्हा तेच. उत्तरार्धात अमरावती मागे पडल्यावर त्यांनी तिला तिसऱ्यांदा भरवशानं पाठवलं, आणि प्रणालीनं तिसऱ्यांदा तिला जमिनीला लावलं. बार्शीटाकळी जिंकली. मॅडमच्या पोरींनी मैदानात लोळण घेतली. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात त्या हरल्या ते सोडा, पण अमरावतीला पाडलं याचंच त्यांना कोण कौतुक! कॉलेजात पेढे वाटले गेले. मॅडमनी पण एक खाल्ला.

तो पेढा त्यांना पचला नाही. आठवडाभरानं बेबीताई कॉलेजात आली. बाजाराचा दिवस टाकून आली होती, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं. ती खुर्चीवर बसलीसुद्धा नाही.

"मॅडम, माह्या पोरीले तिकडून घरी पाठवून राहिले."

"कावून? काय झालं?"

"म्हनतात का मुद्दाम हरली म्हून. जुन्या कॉलेजवाल्यायसोबत जेवली, हसली, न मंग त्यायच्याच पोरीच्या हाती सापडली. तीनदा. फोनात पिच्चर काढून ठेवला हाय त्यायनं. पगार बंद, होस्टेल खाली कर म्हनतात. विद्यापीठाच्या निवडीतून बी नाव कापतो म्हनतात." बेबीताईचा आवाज चढत चालला होता. "अन् जेवाले तुमीच बोलावलं व्हतं तिले."

"हाव. मीच बोलावलं," मॅडम म्हणाल्या.

"तिनं तरी नाई म्हनाव ना. पन तुमी बोलावल्यावर थे कशी नाई म्हनन? रडून राहिली मॅडम थे. म्हनते, माय, म्या खरंच मुद्दाम नाई केलं. मले पाय उचलूच देला नाई तिनं." बेबीताईनं पदरानं तोंड पुसलं. "पैशाचं जाऊ द्या. वाडी हाय माही, मी पोसतो तिले. पन बेइमान म्हनून वापस आली तं गावात काय तोंड दाखवन? तुमी जाजा मॅडम. तुमी सांगजा त्यायले."

ती गेली. आपण एका पोरीला घासभर जेवायला बोलावलं आणि तिच्या इमानाचे वाभाडे निघाले, हे मॅडमच्या गळी उतरत नव्हतं. या वर्षी रागिणीला दुसऱ्या कोणाकडून खेळताही येणार नव्हतं. एका कॉलेजकडून खेळलं की वर्षभर तिथेच. तिकडे बट्टा लागला की मग विद्यापीठाची निवडही गेली आणि भरतीही. आणि सांगायचं म्हणजे काय सांगायचं? ती मुद्दाम हरली नाही, हे हरलेल्या पोरीच्या जुन्या गुरूनं सांगून कोण ऐकणार?

संध्याकाळी सराव संपल्यावर त्यांनी प्रणालीला थांबवून घेतलं.

"खरं सांग. रागिणीले तीनदा कशी धरली तू? इतके दिवस मी पाहून राहिली, असं तिले कोणी धरलं नाई."

प्रणालीनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. सांगावं की नाही असं तिचं चाललं होतं.

"तिचा आवाज आइकतो मी," ती शेवटी म्हणाली. "कबड्डी कबड्डी म्हनते ना, तं पाय मारायच्या आधी तिचा आवाज बारीक होते. एवढासाच. पाय पाहत बसलं तं उशीर होते. आवाज बारीक झाला का मी खाली वाकतो."

"हे कधीपासून माहीत तुले?"

"पहिल्या वर्षापासून. सरावात कधी कधीच धरो तिले. रोज धरलं असतं तं तिले समजलं असतं."

मॅडमना हसू आलं. इतकी वर्षं पोरींना शिकवतो आहोत, पण हे आपल्याला कधी ऐकू आलं नाही. ही पोरगी साधी कोपऱ्यावरची खेळाडू नव्हती. अशी पोरगी दहा वर्षांत एखादी मिळते, आणि ती कोणाच्या नजरेत भरली नव्हती, कारण कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या मुलीकडे कोणी बघत नाही. सगळे चढाई करणारीकडे बघतात.

"हे मी अमरावतीले जाऊन सांगू का? रागिणीच्या कामी येईन."

"सांगा ना मॅडम," प्रणाली लगेच म्हणाली. "माह्यामुळं तिचं नाव खराब नाई झालं पाह्यजे."

ती सायकलवर टांग टाकून निघून गेली. आपण काय देऊन टाकलं हे तिला कळलं नव्हतं. मॅडमना पुरेपूर कळलं होतं.

अमरावतीच्या बसमध्ये मॅडमनी मनात सगळं घोळवून पाहिलं. रागिणी निर्दोष आहे हे पटवायचं तर एकच वाट होती: प्रणाली किती तयारीची आहे ते दाखवून द्यायचं. आणि तसं दाखवल्यावर ते लोक प्रणालीला सोडतील होय? प्रणाली गेली की डावा कोपरा उघडा पडणार. तिच्या भरवशावर तिच्या गल्लीतल्या आणखी दोघी येतात, त्यांचे बाप त्यांना एकट्या पाठवायचे नाहीत. म्हणजे संघाला सात मुली जमवायची मारामार. संस्थेचे लोक तर टपूनच बसले होते, की मुलींच्या कबड्डीचा पसारा आवरा आणि त्या मैदानावर गाड्या लावायची सोय करा. परत फिरावं असं मॅडमना मूर्तिजापूरला वाटलं. बडनेऱ्यालाही वाटलं. पण बस काही त्यांना विचारून चालत नव्हती, आणि रागिणीची निवड त्याच आठवड्यात होती.

कुंदन सर त्या कॉलेजचा प्रशिक्षक, तिवश्याकडचा. वयानं मॅडमच्या भाच्याएवढा. माणूस वाईट नव्हता. त्यानं मॅडमना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि स्वतःच अवघडून बसला.

"मॅडम, माह्या हातात नाई हो. आमचे अध्यक्ष सामन्याले होते. त्यायनं तो व्हिडिओ पाहिला. मले म्हणे, एवढे पैसे मोजून राहिलो ते यासाठी का? माही नोकरीच वर्षावर्षाची आहे."

"जेवाले मी बोलावलं होतं. आमच्यात कोणी उभं असलं तं बोलावतात. तुझ्याइथं नाई बोलावत का?"

"बोलावतात ना," कुंदन ओशाळून म्हणाला. "पण तीनदा, मॅडम? एकदाही हिसका मारला नाई तिनं."

"रागिणीले बोलाव. तुझ्या कोणत्याबी चार पोरी उभ्या कर. मी दाखवतो."

मॅटवर पोरी उभ्या राहिल्या. रागिणी आली ती डोळे सुजलेली, मान खाली. मॅडमना बघून तिला आणखीच रडू आलं. मॅडमनी तिला थोपटलं नाही, वेळ नव्हता. "चढाई कर, रोजच्यासारखी," एवढंच म्हणाल्या, आणि मैदानाकडे पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

रागिणीनं दम धरला. कबड्डी कबड्डी कबड्डी. मॅडम कान देऊन ऐकत होत्या. आवाज एका जागी किंचित बारीक झाला.

"आता!" मॅडम ओरडल्या, आणि त्याच क्षणाला मागे पाय सुटल्याचा आवाज आला. रागिणी पुन्हा आली, पुन्हा आली, आणि दरवेळी मॅडम पाठमोऱ्याच "आता" म्हणाल्या. चौथ्या वेळी कुंदननं हात वर करून खेळ थांबवला.

"बाप्पा!" तो म्हणाला. "हे मलेच समजलं नाई."

"मलेबी नाई समजलं. हे आमच्या डाव्या कोपऱ्यावरच्या पोरीचं काम होय. तिनं पाय उचलायच्या आधीच धरला, मंग हिसका कुठून मारन ही? हरली नाई ती, कुंदन. तिले धरली."

रागिणी मॅटवर तशीच उभी होती. "प्रणालीले हे पहिलेपासून माहीत होतं?" तिनं विचारलं.

"हाव."

"मले तं कधी नाई सांगितलं तिनं." तिला वाईट वाटलं होतं, आणि सुटल्यासारखंही झालं होतं. दोन्ही तिच्या तोंडावर दिसत होतं.

कुंदननं तिथूनच अध्यक्षांना फोन लावला. बराच वेळ बोलला. मग परत येऊन म्हणाला, रागिणी राहते, निवडीलाही जाते, तिच्या त्या आवाजाचं आपण बघून घेऊ. मॅडमनी हात जोडले आणि पर्स उचलली. त्या दारापर्यंत पोचल्या असतील नसतील.

"मॅडम, ती कोपऱ्यावरची पोट्टी कोणत्या वर्षाले आहे?"

हा प्रश्न येणार हे मॅडमना अकोल्याच्या स्टँडवरच ठाऊक होतं. शेवटच्या वर्षाला आहे असं सांगता आलं असतं. पण त्या थकल्या होत्या, आणि खोटं बोललं तरी त्याला चार दिवसांत कळणारच होतं.

"दुसऱ्या," त्या म्हणाल्या.

"अध्यक्षच विचारून राहिले होते," कुंदन खाली बघून म्हणाला. "मी नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम मैदानावर गेल्या तेव्हा पोरी अंग मोकळं करत होत्या. प्रणाली धावत आली. रागिणीचं काय झालं ते ऐकून तिनं दोन्ही हात वर केले, ओरडली, बाकीच्यांना सांगत सुटली. मॅडमनी तिला ओरडू दिलं. मग तिला नि आचलला बोलावलं. आचल पहिल्या वर्षाची, काटकुळी, अजून पडायला घाबरणारी.

"प्रणाली, ही घोट्याची पकड आचलले शिकव. आवाज कसा आइकायचा तेबी सांग."

"आचल तं उजव्या बाजूले खेळते ना मॅडम."

"आजपासून डाव्या."

"मंग मी कुठं?"

मॅडमनी बसमध्ये ठरवलं होतं, की हे हळूहळू, दोन-चार दिवसांनी सांगायचं. पण प्रणाली त्यांच्याकडे सरळ बघत होती.

"तुझ्या घरी फोन येईन अमरावतीहून. ते तुले मागतीन. चांगलं आहे तुझ्यासाठी. जाशील तू, जूनमध्ये."

प्रणालीचं हसू मावळलं. मॅट, होस्टेल, मानधन, यातलं काहीच तिच्या चेहऱ्यावर उमटलं नाही. ती हिशेब दुसराच करत होती.

"तुमाले माहीत होतं हे, का तिकडं सांगितलं तं मले मागतीन म्हून?"

"हाव."

"तरी सांगितलं?"

"रागिणीबी माहीच पोरगी आहे ना, प्रणाली."

"अन् मी?"

मॅडम शिट्टीची दोरी सोडवल्याचं सोंग करत राहिल्या. प्रणाली वळली, डाव्या कोपऱ्याकडे गेली, आणि तिनं आचलला हाक मारली.

"ये इकडं. इथं उभी राह्य, माह्या जागेवर."